रिचार्जेबल सेल: घरात कुठे चालले, कुठे नाही? (अनुभव धागा)

उचापतखोर, डोंबिवली

घड्याळं, टीव्ही-एसीचे रिमोट, माउस, बीपीचं मशीन, वजनकाटा, गॅस गीझर, पोरांच्या गाड्या. सेल न लागणारी वस्तू शोधायची वेळ आली आहे. किराणा यादीत आता तेल-साखरेच्या खाली ‘पेन्सिल सेल’ कायमचा येऊन बसलाय. रिचार्जेबल घ्यावेत म्हटलं, तर घरात दोन तट. सासरे म्हणतात, हजार रुपये घालून चार सेल कोण घेतं? मुलगी म्हणते, आपण कचरा करतोय.

ज्यांनी खरंच वापरलेत त्यांनी लिहा. कुठल्या वस्तूत चालले, कुठल्या वस्तूत नाही, चार्जर कुठला बरा. नुसता उपदेश नको, तो घरात भरपूर मिळतो.

दोन_वांड

खेळण्यांसाठी डोळे झाकून घ्या. रिमोटच्या गाडीत साधे लाल सेल घातले की पोरगं दुपारभर खेळलं तरी संध्याकाळी गाडी रडत चालते. आमच्याकडे आठ सेल आहेत, चार गाडीत आणि चार चार्जरवर. गाडी थांबली की बदली. पोरगं पहिलीत आहे, पण सेल कुठल्या बाजूने घालायचे ते आता त्यालाच विचारावं लागतं.

एकच सांगते. एवढ्याएवढ्यात जीव गेला म्हणून सेलना नावं ठेवण्याआधी चार्जर बघा. आमच्याकडे पाकिटासोबत जो स्वस्तातला आला होता तो जोडीनेच चार्ज करायचा आणि भरले की थांबायचं त्याच्या गावी नव्हतं. सकाळी सेल हातात धरवत नसत. नंतर प्रत्येक खणाला वेगळा दिवा असलेला, भरला की आपोआप बंद होणारा घेतला. तेव्हापासून तेच सेल गुणी झाले.

वायरमन_निवृत्त

दोन_वांड ताईंनी मुद्द्याचं लिहिलं. थोडं हिशेबाचं मी लिहितो.

बाजारात मिळणारे नेहमीचे रिचार्जेबल सेल निकेल मेटल हायड्राइडचे. त्यांचा दाब १.२ व्होल्ट, साध्या सेलचा १.५. यावरून ‘कमी पॉवरचे’ अशी समजूत होते, ती अर्धीच खरी. अल्कलाइन सेल (एकदाच वापरायच्या सेलमधला महाग, जास्त टिकणारा) १.५ ला सुरू होतो आणि वापरू तसा घसरत जातो. अर्ध्या वाटेवर तोही १.२ च्या आसपासच असतो. रिचार्जेबल मात्र जवळजवळ शेवटपर्यंत १.२ धरून ठेवतो आणि मग एकदम बसतो. त्यामुळे मोटर, फ्लॅश असल्या ओढ असलेल्या वस्तूंत तो सरस.

विजेचा खर्च विचाराल तर हसाल. २००० एमएएचचा (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती साठतं त्याचं माप) सेल म्हणजे सुमारे २.४ वॅट-तास. चार्जरमधली घट धरून पाच धरा. एका युनिटमध्ये असे दोनशे सेल भरतात. युनिट दहा रुपयांना धरलं तरी सेलमागे पाच पैसे. खर्च सगळा खरेदीचा आहे. साधा अल्कलाइन चाळीसच्या घरात धरला, तर अडीचशेचा रिचार्जेबल सहा-सात वेळा भरला की पैसे वसूल. चार्जरचे वेगळे धरा.

सेल घेताना ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ किंवा ‘रेडी टू यूज’ लिहिलेलेच घ्या. आधीचे निकेल मेटल हायड्राइड सेल नुसते पडून पडून महिन्या-दोन महिन्यांत बरेच रिकामे व्हायचे. २००५ मध्ये सान्यो कंपनीने एनलूप नावाचा सेल आणला तेव्हापासून ही रड संपली, तो भरून ठेवला तर वर्षभराने काढला तरी चालतो. एनलूप आता पॅनासॉनिककडे आहे. आणि ‘३५०० एमएएच’ वगैरे छापलेला अनोळखी पेन्सिल सेल दिसला की दुकानदाराला नमस्कार करून निघा. या जातीच्या पेन्सिल सेलमध्ये २५००-२७०० च्या पुढे मजल जात नाही.

घड्याळात मात्र रिचार्जेबल घालू नका. क्वार्ट्झ घड्याळ इतकं थोडं ओढतं की साधा सेल वर्षभर सहज चालतो. तिथे महागडा सेल कोंडून काय उपयोग?

माइकटेस्टिंग_सांगली

आमचा साउंडचा धंदा. कीर्तन, व्याख्यान, गणपतीतले कार्यक्रम. कॉर्डलेस माइकला दोन पेन्सिल सेल लागतात. पूर्वी प्रत्येक कार्यक्रमाला नवीन सेल, कारण बुवा रंगात आले आणि गजराला माइक गेला तर पुढच्या वर्षीची सुपारी गेली. कार्यक्रम संपला की अर्धे वापरलेले सेल निघायचे. ते टाकवत नाहीत आणि परत माइकमध्ये घालवतही नाहीत. गल्लीतली सगळी घड्याळं वर्षानुवर्षं आमच्या कीर्तनांवर चालली.

आता सगळे रिचार्जेबल आहेत. नियम एकच: जोडी फोडायची नाही. एकत्र घेतलेले दोन सेल एकत्रच वापरायचे, एकत्रच भरायचे. बायकोच्या नेलपेंटने प्रत्येक जोडीवर ठिपके दिलेत, एक ठिपका, दोन ठिपके, तीन. जुना आणि नवा एकत्र घातला की जुना आधी संपतो, नवा त्याच्यातून प्रवाह रेटत राहतो आणि जुना कायमचा जातो.

माइकवरची बॅटरीची रेघ मात्र विश्वासाची नाही. ती साध्या सेलच्या हिशेबाने असते. रिचार्जेबल भरलेला असतानाच एक रेघ कमी दाखवते, आणि पुढे दोन रेघा दिसतायत म्हणून गाफील राहिलात तर पाच मिनिटांत शून्य. आम्ही मध्यंतराला बदलतो, रेघ काहीही म्हणो.

अक्षता_आणि_फ्लॅश

+१. लग्नाचे फोटो काढतो. फ्लॅशमध्ये चार सेल. अल्कलाइनवर एक फ्लॅश मारला की पुढच्यासाठी थांबावं लागतं, आणि ‘सावधान’ म्हटल्यावर भटजी थांबत नाहीत. रिचार्जेबलवर फ्लॅश लवकर तयार होतो. त्यांचा आतला रोध कमी, एकदम मोठा प्रवाह देतात. पैशांचं सोडा, नुसत्या या कारणासाठी घ्यावेत.

ओलीभिंत

गॅस गीझरचं कोणी लिहिलं नाही. आमच्याकडे त्याला दोन मोठे, जाडे सेल लागतात. बाथरूमच्या दमटपणाने साधे सेल फुटून खालच्या डबीत हिरवं-पांढरं साचतं. त्या स्वस्तातल्या जस्त-कार्बन सेलचं जस्ताच्या पत्र्याचं कवच हेच त्याचं इंधन, ते झिजून भोक पडतं आणि आतला रस बाहेर.

पेन्सिल सेल आत बसवून जाडा करायच्या प्लास्टिकच्या डब्या मिळतात. त्यात रिचार्जेबल घालून पाहिले. ठिणगी टकटक पडते, पण गॅस धरत नाही. दोन मिळून २.४ व्होल्टच, आमच्या गीझरला ते पुरत नसावेत. शेजारच्यांच्या गीझरमध्ये तीच डबी बिनबोभाट चालते. आम्ही तिथे अल्कलाइनवर आलो.

अल्कलाइन कुठे गळलाच तर पांढरी भुकटी खरवडू नका. कापसाच्या बोळ्यावर दोन थेंब लिंबाचा रस घेऊन पुसा. ती अल्क असते, आंबटाने फसफसून निघते. मग कोरड्या कापडाने नीट टिपून घ्या.

उचापतखोर, डोंबिवली

ओलीभिंत, गीझरचा प्रश्न माझाही होता, आभार! बीपीच्या मशीनचं काय?

वायरमन_निवृत्त

चार सेलचं मशीन ६ व्होल्ट धरून बनवलेलं, तुम्ही देणार ४.८. काही मशिनं चालतात, काही लगेच ‘बॅटरी कमी’ म्हणून ओरडतात. पुस्तिकेत लिहिलेलं असतं, ते पाळा. अ‍ॅडॉप्टरची सोय असेल तर घरात तो लावा, सेलची भानगडच नको.

सातारी_श्रोता

नवे ते लिथियमचे सेल निघालेत ना, बुडाला मोबाइलची वायर लागते ते. पूर्ण १.५ व्होल्ट देतात. पुतण्याने हौसेने दिले, मी रेडिओत घातले. मीडियम वेव्हवर ७९२ ला पुणे केंद्र लावतो, तर बातम्यांच्या मागे सतत किर्रर्र. सेल काढून साधे घातले, किर्रर्र गायब. पुतण्या म्हणाला, काका, त्या सेलच्या आत व्होल्टेज उतरवायचं इवलंसं सर्किट असतं, त्याचा तो आवाज. एफएमवर जाणवत नाही. माउसला दिले, तिथे छान चालतात. फक्त संपताना आगाऊ सूचना देत नाहीत.

कानसेन

वडिलांच्या श्रवणयंत्राला बटणाएवढे झिंक-एअर सेल. मागचा रंगीत स्टिकर काढला की हवा लागून सुरू होतात, काढल्यावर मिनिटभर थांबून मगच घालायचे. एकदा स्टिकर काढला की वापरा अगर न वापरा, सेल संपत जातोच. आईची बोटं थरथरतात, तिच्यासाठी चार्जिंगच्या डबीतलं यंत्र घेतलं. डबीत ठेवलं की झालं. वडील बदलायला तयार नाहीत. गावी वीज गेली तर बहिरा बसू का, म्हणतात. तेही बरोबरच आहे.

श्वार्ट्झवाल्ड_ते_शनिवारपेठ

इथे जर्मनीत वापरलेले सेल घरच्या कचऱ्यात टाकायला बंदी. सेल विकणाऱ्या दुकानाने ते परत घ्यायचेच, म्हणून सुपरमार्केटच्या दारात खोका असतो. पुण्यात आले की पर्समध्ये जमलेले सेल घेऊन परत जाते, नवरा हसतो.

उचापतखोर, डोंबिवली

आपल्याकडेही २०२२ चे बॅटरी कचऱ्याचे नियम आहेत. त्यात लहान सेलही येतात आणि परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकावर आहे. पण आमच्या वाण्याला विचारलं तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी साखर परत करायला आलेय. सध्या बरणीत साठवतेय. डोंबिवली-ठाण्यात ई-कचऱ्याबरोबर सेलही घेणारं कोणी माहीत असेल तर पत्ता टाका. आणि सासऱ्यांनी वायरमन काकांचा हिशेब चष्मा लावून दोनदा वाचला. चार सेल आणि चार्जर मागवलाय, घड्याळात घालायचे नाहीत या अटीवर.