मदत हवी आहे : पॅरिसच्या ओर्से स्टेशनातल्या हॉटेलबद्दल

नमस्कार मंडळी. पॅरिसचं ओर्से संग्रहालय पाहून आले आणि चित्रांपेक्षा ती इमारतच डोक्यात बसली. हे संग्रहालय म्हणजे मूळचं रेल्वे स्टेशन. वास्तुविशारद व्हिक्टर लालूने बांधलेलं ते स्टेशन १९००च्या जागतिक प्रदर्शनासाठी उघडलं. त्याला जोडूनच ३७० खोल्यांचं आलिशान हॉटेल होतं. पुढे गाड्या लांब झाल्या, फलाट अपुरे पडले आणि १९३९मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्या बंद झाल्या. हॉटेल मात्र १९७३पर्यंत तग धरून होतं! मे १९५८मध्ये फ्रेंच नेते द गॉल यांनी तिथेच पत्रकार परिषद घेतली.

संग्रहालयाचं रेस्टॉरंट म्हणजे हॉटेलचंच जुनं जेवणघर. चित्रांनी मढवलेलं छत, झुंबरं, सोनेरी नक्षी. मी कॉफी संपवून कितीतरी वेळ वर बघत बसले होते.

आता माझी अडचण. दालनं जपली गेली, पण राहायच्या खोल्यांचं नेमकं काय झालं? त्या खोल्यांचे जुने फोटो, पोस्टकार्डं किंवा नकाशे कुठे बघायला मिळतील? मला फ्रेंच येत नाही, त्यामुळे शोध तिथेच अडलाय. तिकडे राहणाऱ्या किंवा फ्रेंच वाचणाऱ्या कुणी वाट दाखवली तर फार बरं होईल.