प्रोग्रेसिव्ह चष्मा आणि जिना
नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा (एकाच काचेत वर लांबचा, मधे मधल्या अंतराचा, खाली वाचायचा नंबर) लावून आठ दिवस झाले तरी जिना उतरताना पायऱ्या हलतात म्हणताय ना, मलाही ठाणे स्टेशनच्या पुलावर अगदी हेच व्हायचं, कठडा धरूनच उतरायचे. काचेच्या खालच्या भागात वाचायचा नंबर असतो आणि आपण पायऱ्या त्यातूनच बघतो, म्हणून हनुवटी खाली घेऊन वरच्या भागातून बघा. बाजूचं बघायला नुसते डोळे नको, मान वळवा, कडेला थोडं धूसर दिसतंच. दोनेक आठवडे सलग घाला, मधेच जुना चष्मा नको. तरी नाही जमलं तर फ्रेम घालून बुबुळाची उंची (बुबुळ काचेत किती वर येतं ती) परत मोजून घ्या, माझी तिथेच चुकली होती!! आणि दिवसभर कंप्युटर असेल तर त्या अंतराचा वेगळा चष्मा खरंच करा, माझी मान दुखायची थांबली.. प्रोग्रेसिव्ह नकोच असेल तर बायफोकलही (वर लांबचा, खाली वाचायचा, असे दोनच नंबर) चालेल, फक्त त्यात मधलं अंतर नीट दिसत नाही.