गोदामाच्या आगीत पाण्यात 'साबण' मिसळावा का?

गिरणगावकर
गेल्या महिन्यात आमच्या गल्लीमागे चिंध्यांच्या गोदामाला आग लागली. ज्वाळा तासा-दीड तासात आटोक्यात आल्या, पण पुढे दीड दिवस 'कूलिंग' चालू. गठ्ठ्यावर पाण्याचा जेट मारायचा, पाणी वरच्या वर ओघळून गटारात, आणि थोड्या वेळाने त्याच गठ्ठ्यातून पुन्हा धूर. टँकरवर टँकर आले. जवानांना दोष नाही, ते बिचारे धुरात उभे होते.

माझं म्हणणं एवढंच, की अशा आगीत पाणी कमी पडत नाही, ते आत शिरत नाही. त्यासाठी वेटिंग एजंट नावाचा प्रकार आहे. साबणाच्या जातकुळीतलं रसायन, पाण्यात साधारण अर्धा-एक टक्का, कधी त्याहूनही कमी. त्याच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलामेणाला. साध्या पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे थेंबाला गोळी करून धरणारी ओढ, २० अंशांना ७२.८ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो, तो निम्म्याहून खाली येतो. मग थेंब गोळी होऊन घरंगळत नाही, पसरतो आणि धाग्यांमधल्या फटींत झिरपतो. कापड, कागद, लाकूड, कचऱ्याच्या आगीसाठी प्रत्येक बंबावर याचा एक कॅन असलाच पाहिजे. ४५०० लिटरच्या टाकीला अर्ध्या टक्क्याने साडेबावीस लिटर लागतात. हे काही न परवडणारं नाही.

सोसायटीचा सेक्रेटरी
आमच्या २२ मजली इमारतीत होज रीलच्या पेटीत झाडू ठेवलेत. आधी ते काढा, मग पृष्ठताण कमी करू.

गिरणगावकर
सेक्रेटरी तुम्हीच ना? मग तुम्हीच काढा. धागा गोदामांबद्दल आहे.

बंबवाल्याची लेक
बाबा अग्निशमन दलातून निवृत्त झाले. त्यांना तुमचा धागा वाचून दाखवला. पहिला प्रश्न त्यांनी विचारला: "त्या गोदामाचा माळा लाकडी होता का?"

का विचारलं ते सांगते. कापडाचा गठ्ठा पाणी प्यायला की फुगतो आणि जड होतो. १ लिटर म्हणजे १ किलो. काळबादेवी, मस्जिद बंदरकडच्या जुन्या इमारतींत सागवानी तुळयांवर माल रचलेला असतो. आज पाणी ओघळून जातं म्हणून निदान तेवढा भार तरी वर राहत नाही. तुमचं औषध घातलं की तेच पाणी माळ्यावर मुक्काम करणार, खाली आमची माणसं. शिवाय साबणाच्या पाण्याने जिना निसरडा होतो. गमबूट घालून, पाठीवर सिलिंडर घेऊन एकदा चढून बघा.

आणि धुमसणारा गठ्ठा शेवटी हुकाने ओढून, फोडून, उलटा करूनच विझवावा लागतो. बाटलीतलं काही ओतून ते काम टळत नाही.

गिरणगावकर
ताई, भाराचा मुद्दा मला सुचला नव्हता, मान्य. पण तो मला पूर्ण पटत नाही. पाणी आत शिरलं तर ते लागतंही कमी. हिशेब बघा. १ किलो पाणी २० अंशांवरून १०० पर्यंत तापायला सुमारे ३३५ किलोजूल घेतं. पण त्याची वाफ व्हायला आणखी २२५७ किलोजूल लागतात. म्हणजे जे पाणी नुसतं कोमट होऊन गटारात गेलं, त्याने आपल्या ताकदीचा फार तर सातवा-आठवा हिस्सा वापरला. उरलेली ताकद पर्जन्य जलवाहिनीला दान. पाण्याने निखाऱ्यापाशी जाऊन वाफ व्हायला हवं, त्यासाठीच ही खटपट. निसरड्या जिन्याबद्दल मात्र वाद नाही.

आमचे वडील गिरणीत ब्लीचिंग खात्यात होते. कच्च्या कापसावर नैसर्गिक मेण असतं, त्यामुळे तो पाणी धरत नाही. म्हणून तर कापड आधी कॉस्टिक सोड्यात उकळायचे. आणि रंग नीट मुरावा म्हणून टर्की रेड ऑइल वापरायचे, म्हणजे एरंडेलावर सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून केलेलं तेल. तोही वेटिंग एजंटच! जी गोष्ट या शहराने रंग मुरवायला वर्षानुवर्षं वापरली, ती आग विझवायला म्हटली की लोकांना परदेशी खूळ वाटते.

घरी करून बघा. गादीवाल्याकडचा नवा कापूस एका वाटीत साध्या पाण्यावर टाका, बराच वेळ तरंगेल. दुसऱ्या वाटीत भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून मग टाका, तो बुडेल. केमिस्टकडचा कापूस घेऊ नका, त्याचं मेण आधीच काढलेलं असतं.

१४ एप्रिल १९४४ आठवा. मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाच्या तळात कापसाच्या गासड्यांना आग लागली. ९०० टनांहून जास्त पाणी आत ओतलं, तरी आग नेमकी कुठे आहे तेही सापडलं नाही.

बंबवाल्याची लेक
१४ एप्रिलचं नाव जरा जपून घ्या. बाबा दर वर्षी त्या दिवशी मानवंदनेला जातात. ६६ अग्निशामक गेले त्या दिवशी.

आणि ते पृष्ठताणामुळे गेले नाहीत. कापूस आणि सुमारे १४०० टन स्फोटकं एकाच जहाजात भरलेली. दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला, पहिला स्फोट ४ वाजून ६ मिनिटांनी. मधल्या दोन तासांत जहाज बुडवायचं की बाहेर न्यायचं, यावर एकमत झालं नाही. त्यात तुमचे साडेबावीस लिटर काय करणार होते? रसायन घ्या म्हणायला सोपं असतं, कारण त्यात कुणा गोदामवाल्याला परवाना नाकारावा लागत नाही.

गिरणगावकर
रसायनाने स्फोट टळला असता असं मी म्हटलं नाही. पण उदाहरण मी हलक्या हाताने वापरलं, चूक झाली. बाबांना नमस्कार सांगा.

खारफुटीवाला
दोघं भांडताय त्यात एक प्रश्न राहिला. हे पाणी जाणार कुठे? गटारातून नाल्यात, नाल्यातून खाडीत. पृष्ठताण कमी करणारी रसायनं माशांच्या कल्ल्यांना घातक असतात. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचं डंपिंग पेटलं तेव्हाचा धूर उपग्रहाच्या फोटोंत दिसला होता. तिथे उद्या टँकरभर हे औषध ओतलंत तर शेजारी ठाण्याची खाडी आहे, फ्लेमिंगो अभयारण्य आहे. शिवाय कचऱ्याच्या डोंगरात पाणी वाट मिळेल तिकडून पळतं, नुसता पृष्ठताण कमी केल्याने सगळीकडे पोचत नाही. तिथे उकरायचं आणि मातीने दाबायचं. पेट्रोलवर मारायच्या फोममधल्या फ्लोरिनच्या रसायनांनी जगभर भूजल नासलंय, तेही विसरू नका.

गिरणगावकर
दोन गोष्टी एकत्र करू नका. फ्लोरिनवाला फोम तेलावर पातळ पडदा धरायला असतो. वेटिंग एजंटला ते काम नसतं, त्यामुळे फ्लोरिनची गरजही नसते. पेट्रोलवर नुसता वेटिंग एजंट मारून भागेल असं मी म्हणतच नाही. विजेच्या आगीवर तर नाहीच, कारण तेही पाणीच, करंट लागणारच. देवनारपुरतं तुमचं मानतो. पण जळक्या चिंध्यांतलं रंग-प्लास्टिकचं काळं पाणी दीड दिवस नाल्यात जातं, ते माशांना पंचामृत वाटतं का? त्याच्याऐवजी कमी पाणी, पण औषध घातलेलं, हा सौदा मी घेईन.

खारफुटीवाला
मी नाही घेणार. निदान बाटलीवर ते किती दिवसांत विघटित होतं हे छापलेलं असल्याशिवाय नाही.

बंबवाल्याची लेक
बाबा म्हणतात, तळमजल्यावरचं, सिमेंटच्या जमिनीचं गोदाम असेल, ज्वाळा बसल्या असतील आणि फक्त धुमसणं उरलं असेल, तर चालेल. तेही लहान नोझलने. टाकीत सरसकट मिसळायचं नाही, टाकी-पंपात फेस होतो आणि नंतर सगळं धुवत बसावं लागतं. होजच्या तोंडाशी ओढून घेणारं इंडक्टर लावायचं. लाकडी माळ्याला त्यांचा अजूनही नकार आहे.

गिरणगावकर
तळमजला तर तळमजला. 'प्रत्येक बंबावर' हे शब्द मागे घेतो.

सोसायटीचा सेक्रेटरी
झाडू काढले. आणि तुमचा तो वाटीचा प्रयोग केला. दोन्ही वाट्यांत 'कापूस' तरंगतोय. लिक्विड चांगलं चमचाभर घातलं होतं.

गिरणगावकर
कापूस कुठून आणलात?

सोसायटीचा सेक्रेटरी
नवी उशी फाडली. लेबलावर आता वाचतोय, शंभर टक्के पॉलिस्टर.

बंबवाल्याची लेक
हेच सांगायचं राहिलं होतं. आजकाल गोदामात बहुतेक हाच माल असतो. हा कापसासारखा आतून धुमसत बसत नाही. वितळतो, थेंब थेंब गळतो आणि खालचं पेटवत जातो. गिरणगावकर, तुमच्या गल्लीतल्या चिंध्या सुती होत्या की ह्या?

गिरणगावकर
उद्या जाऊन बघतो. ढीग अजून तिथेच पडलाय.