विमानंच सगळं जिंकतात, मग आरमाराचं काय करू?

षट्कोन: पॅसिफिकमधल्या ग्वाडालकॅनाल बेटासाठी 1942 साली अमेरिका आणि जपान लढले, त्यावर घरीच पटावरचा खेळ बनवतोय. एक डाव म्हणजे एक दिवस. अडचण अशी की चौथ्या डावापर्यंत जपानी आरमार साफ होतं. काल भावाने जहाजांच्या सोंगट्यांना हातच लावला नाही, सगळे गुण विमानांत घातले. विमानांचा मारा 4 वरून 3 केला, तर युद्धनौकांपुढे त्यांची डाळ शिजत नाही. नेमका आकडा किती ठेवू?

रात्रपाळी: आकडा राहू द्या, डाव फोडा. दिवसाचा एकच डाव ठेवलात तिथे रात्र गायब झाली, आणि ती लढाई रात्रीवरच उभी होती. दिवसा हेंडरसन फील्डची (बेटावरच्या अमेरिकन धावपट्टीची) विमानं असायची, म्हणून जपानी विनाशिका अंधार पडता पडता टप्प्यात शिरायच्या, बेटावर सैनिक आणि रसद उतरवायच्या, आणि उजाडायच्या आत सुसाट माघारी.

8-9 ऑगस्टच्या रात्री जवळच्याच सावो बेटापाशी जपानी अॅडमिरल मिकावाने दोस्त राष्ट्रांच्या चार क्रूझर नौका संपवल्या. मालवाहू नौका पुढ्यात होत्या, तरी तो वळला. उजाडल्यावर विमानं गाठतील ही धास्ती. ही धास्ती खेळणाऱ्याला पटावर जाणवली पाहिजे, नाहीतर ग्वाडालकॅनाल हे नाव तरी कशाला!

आणि आरमारानेही विमानं मारली आहेत, जमिनीवर. 13 ऑक्टोबरच्या रात्री कोंगो आणि हारुना या जपानी युद्धनौकांनी धावपट्टीवर नऊशेहून जास्त गोळे टाकले. निम्मी विमानं गेली, इंधन जळालं. रात्रीच्या डावात युद्धनौकेला धावपट्टीवर फासा टाकू द्या.

तोफखाना: सहमत. शिवाय सगळ्या विमानांना एकच मारा नको. त्याच वर्षीच्या मिडवेच्या लढाईत बी-17 या अमेरिकन बॉम्बरांनी उंचावरून टाकलेला एकही बॉम्ब जहाजाला लागला नाही. सूर मारणाऱ्या बॉम्बरांनी काम केलं.

षट्कोन: रात्री जायबंदी झालेल्या जहाजाचं काय?

रात्रपाळी: वेग निम्मा. हियेई या जपानी युद्धनौकेचं तेच झालं: नोव्हेंबरात रात्रीच्या चकमकीत सुकाणू निकामी, सकाळी टप्प्यातून निघता येईना, दिवसभर विमानांनी झोडपली.

षट्कोन: दुपारी दोन डावांचा दिवस करून खेळलो. भावाने आपणहून कोंगो उचलली, माझी पाच विमानं धावपट्टीवरच गेली. परतीला त्याला एक घर कमी पडलं.