मदत हवी आहे: टर्कीची पिल्लं दिसेनाशी झालीत
मंडळी, अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात आमची ४० एकर जमीन आहे. निम्मं ओक-हिकरीचं रान, निम्मं गवत. पाच-सहा वर्षांपूर्वी जूनमध्ये जंगली टर्कीची मादी आठ-दहा पिल्लं घेऊन फिरायची. यंदा कॅमेऱ्यात माद्या चार, पिल्लं एकूण दोन! बॉबव्हाइट लाव्याची शीळ तर बंदच झाली.

गवत आता १५ जुलैनंतरच कापतो, कारण मादी २८ दिवस जमिनीवर अंडी उबवते आणि हलत नाही, यंत्राखालीच जाते. हंगामात परवाना काढून अंडी खाणारे रकूनही धरले. दाणे टाकणं बंद केलं. फरक शून्य.

मे महिना पावसात गेला, हे खरं. पण माझा संशय गवतावर आहे. फेस्क्यू नावाचा गवताचा प्रकार इतका दाट माजलाय की माझाच पाय अडकतो, मुठीएवढं पिल्लू त्यातून किडे कसे वेचणार? शेजारच्या सोयाबीनचं बियाणंही कीटकनाशक लावलेलं असतं. मेलेला पक्षी सापडला नाही, म्हणून रोगाची तपासणी झालेली नाही.

घर लागूनच असल्याने गवत जाळता येत नाही. मग फेस्क्यू विरळ कसा करायचा? आणि अंडीच फस्त होतायत की पिल्लं नंतर मरतायत, हे कशावरून ओळखायचं?