एग टेम्पेरा: खालचा थर उचलला जातोय

प्रश्न: आतापर्यंत फक्त जलरंग वापरलेत, आता एग टेम्पेरा (अंड्याच्या बलकात कालवलेला रंग) करून पाहतोय. अॅक्रिलिक जेसोच्या (रंगाखाली द्यायच्या अस्तराच्या) कॅनव्हासवर दुसरा थर देताना पहिला उचलला जातो, वाळल्यावर तडेही जातात. बलक जास्त होतोय का?

उत्तर १: आधी कॅनव्हास सोडा, तो हलतो म्हणून तडे जातात. खडूची भुकटी आणि सरस यांचा जेसो दिलेली लाकडी फळी घ्या, ती ओल शोषते. बलक टिश्यूवर फिरवून कोरडा करा, पापुद्रा चिमटीत धरून टोचा, आतला द्रव तेवढा घ्या. त्यात तितकंच पाणी. पाण्यात घोटलेलं रंगद्रव्य आणि हे मिश्रण साधारण १:१.

उत्तर २: बलक पुरेसा आहे का ते पाहायला काचेवर या रंगाचा पट्टा ओढा, वाळल्यावर ब्लेडने खरवडा. सलग साल निघाली तर ठीक, भुकटी पडली तर बलक कमी. ब्रश निथळून घ्या. ओल्या जागी पुन्हा फिरवलात की उचलणारच! वॉश (पाणीदार रंगाचा पसरट हात) विसरा, बारीक रेघा मारा.