बार्न्सलीचं इंग्रजी: 'नाइन व्हाइल फाइव्ह' म्हणजे नक्की किती वाजता?

रातपाळी विचारते:

नमस्कार मंडळी. साउथ यॉर्कशरमधल्या बार्न्सलीत वॉर्डवर स्टाफ नर्स आहे. इंग्रजीची परीक्षा रीतसर पास होऊन आले, ऐकण्याच्या पेपरात मार्कही चांगले होते. पण त्या पेपरातली माणसं आणि माझ्या वॉर्डवरची माणसं एका देशातली वाटत नाहीत.

'मजेशीर ब्रिटिश शब्द' असं शोधलं की गॉबस्मॅक्ड, कॉड्सवॉलप, बॉब्ज युअर अंकल हीच वरात निघते. वाचायला छान, पण वॉर्डवर अजून तो बॉबही भेटला नाही आणि त्याचा पुतण्याही. इथं कानावर पडतं ते वेगळंच. ड्युटीच्या डायरीत मागच्या पानावर लिहून ठेवते, त्यातलं थोडं देते.

सिस्टर म्हणाली, "शी इज ऑन नाइन व्हाइल फाइव्ह." म्हणजे नऊला असताना पाचला पण? कोपऱ्यातल्या बेडवरचे आजोबा, जुने खाणकामगार, मला बघितलं की "ना देन" म्हणतात आणि पुढे गप्प. मी आपली पुढच्या वाक्याची वाट बघत उभी. तेच परवा म्हणाले, "पुट वुड इन ओइल, लव्ह." लाकूड काय, तेल काय आणि वर लव्ह! समोरच्या आजी म्हणतात, "आय अ‍ॅम नॉट सो क्लेव्हर टुडे." यावर काय बोलायचं, 'नाही हो, हुशार आहात तुम्ही'? लेक भेटायला आली की तिला विचारतात, स्पाइस आणलंस का. दवाखान्यात मसाला कशाला हवाय?

विचारायची लाज नाही, पण दर वाक्याला "सॉरी?" म्हटलं की पेशंटच दमतो. उत्तरेत बरीच वर्षं काढलेल्या कुणीतरी सांगा. आणि ते 'लव्ह' म्हणणं, बसचा ड्रायव्हरसुद्धा म्हणतो, ते मनावर घ्यायचं नाही ना?

---

हडर्सफील्डचे काका:

अगं, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. अजिबात मनावर घेऊ नकोस. मी सुरुवातीला इथल्या गिरणीत होतो, मग निवृत्त होईपर्यंत बस चालवली. तिकीट देताना आयुष्यभर बायाबापड्यांना 'लव्ह' म्हटलं आणि तरी घरी वेळेवर जेवायला मिळालं. यॉर्कशरात बाप्याही बाप्याला लव्ह म्हणतो. खाली डर्बी-नॉटिंगहॅमकडे गेलीस की तिथं 'मी डक', न्यूकॅसलला 'पेट', बर्मिंगहॅमला 'बॅब'. ब्रिस्टलमध्ये तर दुकानदार 'माय लवर' म्हणून सुटे पैसे हातावर ठेवतो. ठेवू दे.

आता तुझी डायरी. इकडे 'व्हाइल' म्हणजे 'पर्यंत'. नऊ ते पाच, संपलं. यावर एक गोष्ट सांगतात, खरी असेलच असं नाही: रेल्वे फाटकावर पाटी होती, 'दिवे लुकलुकत असताना थांबा'. यॉर्कशरची माणसं शहाण्यासारखी थांबली, दिवे लुकलुकायला लागले आणि मग निघाली.

'ना देन' हा नमस्कार आहे. 'नाउ देन'चं इथलं रूप. त्याच्यापुढे वाक्य नसतंच, तू उगाच ताटकळतेस. उलट तूही "ना देन" म्हण, आजोबा त्याचीच वाट बघत असतील.

'ओइल' म्हणजे होल. ह खाल्ला आणि ओ-चा ओइ केला. त्याच चालीवर कोल-चं कोइल. घरातली कोळसा ठेवायची जागा ती 'कोइल ओइल'. भोकात लाकूड घाल, म्हणजे दार लाव बाई, वारं येतंय. मधे एक बारीकसा 'द' होता, तो तुला ऐकू आला नसणार. इकडे 'द'चा नुसता ट् उरतो, आणि तोही बहुतेकदा उमटत नाही, घशात श्वास क्षणभर अडतो एवढंच. नकला करणारे ठसठशीत 'टी' उच्चारतात, तिथंच कळतं की हा दक्षिणेकडचा.

'नॉट सो क्लेव्हर' म्हणजे बरं वाटत नाहीये. हे हसण्यावारी नेऊ नकोस. 'पूअरली' आणि 'बॅडली' याच अर्थाचे. ही पिढी दुखणं नेहमी पाच आणे कमी करून सांगते. खाणीत आयुष्य काढलेला माणूस 'बिट रफ' म्हणाला तर मी तरी डॉक्टरला बोलावीन.

स्पाइस म्हणजे गोळ्या-चॉकलेटं, निदान जुन्या माणसांच्या तोंडी. मात्र त्याच नावाचं एक नशेचं द्रव्यही आहे, तेव्हा तरुण पेशंट बोलला तर कान टवकार.

तुझ्या यादीत नाही पण हिवाळ्यात हमखास येईल तो शब्द 'स्टार्व्ड'. म्हातारं माणूस "आय अ‍ॅम स्टार्व्ड" म्हणालं तर टोस्ट आणायच्या आधी त्याच्या पायाला हात लावून बघ. जुन्या उत्तरेकडच्या बोलीत स्टार्व्ड म्हणजे थंडीनं गारठलेला. ब्लँकेट हवंय त्याला. आणि ज्याला जराही गारवा सोसत नाही तो 'नेश'. हा शब्द तू स्वतःबद्दल वापर, वॉर्ड खूश होईल.

जेवणांचंही बघ. इथं दुपारी डिनर आणि संध्याकाळी टी. टी म्हणजे नुसता चहा नव्हे, पोटभर जेवण. शाळेत दुपारचं वाढणाऱ्या बाईला डिनर लेडीच म्हणतात. डिस्चार्जच्या वेळी कुणी "आफ्टर मी डिनर" गोळी घेतो म्हणाला, तर घड्याळातली वेळ विचारून लिही, विशेषतः इन्सुलिनवाल्यांना. आणि 'हाफ फाइव्ह' म्हणजे साडेपाच, साडेचार नव्हे.

यातला एक तरी शब्द तुला नवा आहे का? व्हाइल, क्लेव्हर, स्पाइस, डिनर सगळे शाळेतच शिकलेले. गॉबस्मॅक्ड कानावर आलं की माणूस निदान विचारतो. हे ओळखीचा चेहरा घेऊन येतात, मग आपण विचारतच नाही. तुझ्या डायरीत याच शब्दांना जागा ठेव.

एक राहिलं. आजोबा तुला 'दा' म्हणतील. "दाज लेट," उशीर केलास. हे जुनं इंग्रजी 'दाउ', म्हणजे आपला 'तू'. बाकीच्या इंग्लंडनं तो टाकून दिला आणि सगळ्यांनाच 'यू' करून मोकळे झाले. बार्न्सलीनं अजून जपलाय. त्याचे मानापमानही आपल्यासारखेच. म्हण आहे: "डोन्ट दी दा मी, दा दाज देम अ‍ॅज दाज दी." मला अरेतुरे करू नकोस, तुला अरेतुरे करतात त्यांना कर! शेजारचे शेफील्डवाले याच 'दी-दा'चं 'डी-डा' करतात म्हणून बार्न्सलीकर त्यांना 'डी-डार' म्हणून चिडवतात. आगगाडीनं अर्ध्या तासाचं अंतर, बारा कोस तर लांबच राहिले.

---

ईस्टहॅमवाला:

काका, दंडवत! ओळखीच्या चेहऱ्याबद्दल तर शंभर टक्के. माझा शाळकरी मुलगा म्हणतो "दॅट्स पीक", मला वाटलं कौतुक चाललंय. तर पीक म्हणजे वाईट झालं, नशीब फुटलं. 'बेअर' म्हणजे उघडं नव्हे, भरपूर. 'अलाउ इट' म्हणजे परवानगी दे असं नाही, सोड ना, जाऊ दे. लंडनच्या पोरांची ही भाषा जमैकापासून बंगालपर्यंत सगळ्यांच्या घरांतून शाळेच्या मैदानावर जमा झालीय. 'इनिट' मात्र आपल्याला लगेच जमतं, कुठल्याही वाक्याला लावायचा 'ना' आहे तो.

रातपाळी, कॉकनीच्या, म्हणजे पूर्व लंडनच्या जुन्या बोलीच्या, याद्या वाचल्या असशीलच. त्यात शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारी जोडी म्हणतात. 'अ‍ॅपल्स अँड पेअर्स' म्हणजे स्टेअर्स वगैरे. जिन्याला तसं म्हणणारा माणूस मी ईस्ट एंडात पाहिलेला नाही, पर्यटकांच्या टॉवेलावर पाहिलाय. पण काही शब्द अगदी चलनात आहेत, कारण त्यातला यमकाचा भागच छाटून टाकलाय. 'बुचर्स हुक' म्हणजे लुक, त्यातलं हुक गेलं. "हॅव अ बुचर्स" म्हणजे जरा बघ. 'लोफ ऑफ ब्रेड' म्हणजे हेड, म्हणून "यूज युअर लोफ", डोकं चालव. 'पोर्क पाइज' म्हणजे लाइज, म्हणून थापाड्या माणूस 'पोर्कीज' सांगतो. यमक गेल्यावर बाहेरच्यानं कसं ओळखायचं? ओळखू नये हाच तर बेत.

माझा आवडता 'रूबी'. शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातले म्हणतात "फॅन्सी अ रूबी?" रूबी मरी ही बेलफास्टची गायिका. १९५५ मध्ये एकाच आठवड्यात पहिल्या विसांत तिची पाच गाणी होती. आज गाणी फारशी कुणाला आठवत नाहीत, पण मरी-करी यमक जुळलं म्हणून बाई दर शुक्रवारी नानसोबत ताटात.

---

कार्डिफची मनू:

वेल्सवाल्यांना विसरू नका. इथं "आय विल डू इट नाउ, इन अ मिनिट" असं एका दमात म्हणतात. माझ्या इंग्रज मॅनेजरला याचा अर्थच लागत नाही, मला मात्र पहिल्या दिवसापासून समजतं: आत्ता करते, थोड्या वेळानं. याच्याही पुढे कॉर्नवॉलचं 'ड्रेक्ली'. डायरेक्टली-चाच अपभ्रंश, पण अर्थ बरोब्बर उलटा. कॉर्निश प्लंबर ड्रेक्ली येतो म्हणाला तर बादली रिकामी करत राहा.

आणि 'कुच'. मिठी, पण नुसती मिठी नाही, पोराला पांघरुणात घेऊन बसतो तशी. जिन्याखालच्या कपाटालाही कुचच म्हणतात.

---

देवळाली कँप:

अवांतर, पण राहवत नाही. कुणी वेड्यासारखं वागलं की ब्रिटिश लोक "ही हॅज गॉन डुलाली" म्हणतात ना, ते डुलाली म्हणजे आमची देवळाली! नाशिकजवळची छावणी. मुदत संपलेले गोरे शिपाई तिथं विलायतेच्या जहाजाची वाट बघत पडलेले असायचे. जहाजं थंडीच्या मोसमातच सुटायची, त्यामुळे चुकीच्या महिन्यात आलेल्याला सगळा उन्हाळा काढावा लागे. काम नाही, कवायत नाही, डोक्यावर ऊन. पूर्ण शब्द होता 'डुलाली टॅप', आणि तो टॅप म्हणजे आपला ताप. शिपाई घरी पोचले, ताप मागे राहिला, डुलाली तिकडेच स्थायिक झाली.

---

मर्सीकाठचा मास्तर:

लिव्हरपूलला शिकवतो. स्काउस, म्हणजे इथली बोली, ऐकायला मराठी कान चांगला उपयोगी पडतो, कारण इथं शब्दाच्या मधला-शेवटचा क घशात घासून ख-सारखा होतो. 'चिकन' ऐकलंस तर 'चिखन', 'बॅक' ते 'बॅख'. इंग्रज लोक म्हणतात हे खाकरतात. आपल्याला नुसतं व्यंजन बदललेलं दिसतं. स्काउस हे नावही जेवणाचंच, लॉबस्काउस नावाचा खलाशांचा मांस-बटाट्याचा रस्सा. काकांच्या यादीत इथला एक: "आय अ‍ॅम मेड अप" म्हणजे मी जाम खूश आहे. खोटं नाही, मेकअप नाही.

---

रातपाळी:

काय लिहिलंय सगळ्यांनी! आज सकाळी आजोबांना "ना देन" म्हटलं. त्यांनी पेपर खाली घेतला, "ना देन" म्हणाले, पेपर वर. शेजारचा पेशंट मात्र हसून हसून खोकायला लागला, त्याला पाणी द्यावं लागलं.

काका, एक विचारू? माझी मैत्रीण म्हणते आपले उच्चार 'नीट' करायचे क्लास लाव, बीबीसीसारखे. लावू का?

---

हडर्सफील्डचे काका:

पैसे जास्त झाले असतील तर लाव. पण बीबीसीचीच गोष्ट ऐक. १९४१ मध्ये, ऐन युद्धात, त्यांनी आमच्या शेजारच्या हॅलिफॅक्सचा विल्फ्रेड पिकल्स बातम्या वाचायला बसवला. बातम्या संपवून तो उत्तरेच्या लोकांना "गुड नीट" म्हणाला. 'नाइट' नाही, 'नीट'. तक्रारींचा पाऊस पडला. यॉर्कशरचा उच्चार जर्मनांना नकलायला जड जाईल, असाही त्यामागे विचार होता म्हणतात. पण लोकांना बातमी या उच्चारात खरीच वाटेना. आणि आता त्याच बीबीसीवर स्कॉटिश, वेल्श, न्यूकॅसलकडचे जॉर्डी सगळे उच्चार ऐकू येतात.

लीड्स विद्यापीठाची माणसं १९५० च्या दशकात ३१३ ठिकाणी हिंडली, बहुतेक खेड्यांत. वह्या घेऊन म्हाताऱ्यांसमोर बसायची: या गाईला काय म्हणता, त्या खुंटीला काय म्हणता. तूही तेच करतेयस, फक्त सोबत बीपीचं मशीन असतं. पेशंटला तुझं कळलं पाहिजे, तुला त्याचं. त्यासाठी सावकाश बोल, ट आणि थ-च्या मागे धावू नकोस. मी आजही 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' एकच म्हणतो, बस कधी चुकली नाही.

---

रातपाळी:

ठीक, क्लास रद्द. शेवटचं एक, मग हँडओव्हरला पळते. त्या आजी मूळच्या चेस्टरफील्डच्या. आत्ता खिडकीतून बघून म्हणाल्या, "इट्स ब्लॅक ओव्हर बिल्स मदर्स." हा बिल कोण, त्याच्या आईला काय झालंय?

---

हडर्सफील्डचे काका:

काही झालेलं नाही. बिल कोण ते आजींनाही सांगता येणार नाही. त्या दिशेला आभाळ काळं झालंय, एवढंच. कपडे बाहेर वाळत घातले असशील तर घरी कुणाला तरी फोन कर.